पनवेल नऊ किलोमीटर

चौक स्टेशनच्या पुढे गाडी थांबली ती थांबलीच. पुढच्या मालगाडीचा डबा रुळावरून घसरला होता. गार्ड म्हणाला, चार तास तरी लागतील.

प्रणितला बहिणीचा, निशाचा, सहावा फोन आला. "दादा, बाबांना श्वास घेता येत नाय. डॉक्टर म्हणतात, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवा. कुठं हायस?"

"पनवेलपासून नऊ किलोमीटरवर," म्हणत तो दाराकडे गेला.

प्रणित शांघायला चुंबकी रेल्वेवर इंजिनिअर. त्या गाडीला चाकंच नाहीत. चुंबकांच्या जोरावर ती बोटभर अधांतरी पळते, तीस किलोमीटर आठ मिनिटांत. सुट्टीवर आला होता आणि सकाळीच पुण्याच्या एका कॉलेजात हे रंगवून सांगून आला होता. वडील काशिराम याच भागात तीस वर्षं रेल्वेचे रूळ तपासणारे, दुरुस्त करणारे गँगमन होते.

त्यानं बॅग तिथंच टाकली आणि खाली उडी मारली. खडीवरून धावताना दोनदा पडला, गुडघा फुटला. मालगाडीच्या पलीकडे गँगमनांची टोळी उभी होती आणि रुळावर त्यांची ढकलायची ट्रॉली. काशिरामांबरोबर काम केलेल्या मुकादम शिवानं त्याला ओळखलं.

"काका, पनवेलला सोडा. बाबा जातायत."

"बाहेरच्याला बसवायची परवानगी नाय रे." तरी शिवानं स्टेशनमास्तरला फोन लावला. बराच वेळ अजिजी केली. मग म्हणाला, "बस."

शिवा ब्रेक धरून बसला आणि दोन गँगमन रुळावरून धावत ट्रॉली ढकलू लागले. प्रणितला नुसतं बसवेना. उतरून तोही ढकलायला गेला, तर पाय सटकला.

"गप बस. तुला जमनार नाय," शिवा ओरडला.

मिनिटं सरत होती. एवढ्या वेळात त्याची शांघायची गाडी दोनदा जाऊन परत आली असती. पण तिच्या मार्गावर कुणाला ट्रॉली टाकता आली नसती, हेही त्याला कळत होतं. निशाचा फोन वाजला की तो पहिल्या रिंगलाच उचलायचा.

पनवेलच्या दवाखान्यात तो पोचला तेव्हा काशिराम जागे होते. मास्कमधून म्हणाले, "कसा आयलास?"

"शिवाकाकांच्या ट्रॉलीवर."

"ब्रेक कोन धरून होता?"

"काकाच."

काशिरामांनी मान हलवली आणि डोळे मिटले. पाऊण तासानं प्रणितच्या हातातली त्यांची बोटं सैल पडली. निशानं दोनदा हाक मारली, तरी त्याला तो हात सोडवेना.