पबमधली मतदानाची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. लंडनच्या संसदेसमोरच्या गल्लीत विनीबाईंचा पब आहे, त्याच्या भिंतीवर माझे आयुष्य गेले. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे का, याची मला खात्री नाही. सांगता सांगता थांबले, तर सांभाळून घ्या.

मला ओतताना कडेला एक बुडबुडा राहिला, म्हणून माझा आवाज खरखरीत झाला. मालक मला पुन्हा वितळवणार होता. पण म्हातारा कारागीर म्हणाला, "राहू दे. हिला गाणं कुठं म्हणायचंय? माणसं उठवायचीत." तेवढ्यावर मी वाचले.

संसदेत मतदान पुकारले की तारेतून मला झटका बसतो आणि माझी छोटी हातोडी नाचू लागते. जेवायला आलेले खासदार ताट टाकून धावतात, कारण थोड्याच मिनिटांत मतदानाच्या दालनाचे दार बंद होते. मग पंतप्रधान आले तरी ते उघडत नाही. पूर्वी विनीबाईंचे वडील मला रोज पुसत आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवत. पुढे पुसणे कमी झाले. माझ्या आवाजाने दचकून कोणी सूप सांडले की विनीबाई माझ्याकडेच रागाने बघत.

एका वसंतात निवडणूक लागली. संसद विसर्जित झाली आणि वीजवाले तारा तपासू लागले. मी दिवसभर उगीचच खणखणत राहिले. शेवटी विनीबाई स्टुलावर चढल्या, ग्लासाखाली ठेवतात तो पुठ्ठा दुमडून त्यांनी हातोडीच्या आड खुपसला आणि म्हणाल्या, "आता निवडणूक होईपर्यंत गप्प बस गं बाई."

निवडणूक झाली. नवे सरकार आले, तेही काठावरच्या बहुमताचे. पुठ्ठा मात्र तसाच राहिला; नव्या संसदेत अजून मतदानाची वेळच आली नव्हती.

त्या सरकारी पक्षाचा एक खासदार होता एमरिस, वेल्समधल्या खाणींच्या खोऱ्यातून नव्याने निवडून आलेला. गावच्या चॅपलमध्ये त्याने शब्द दिला होता की सर्वांत वरच्या उत्पन्नावरचा कर याच वर्षी वाढेल, आणि त्यासाठी आपले मत पडेल. पहिल्या बाकावर त्याची आई बसली होती. हे त्याने विनीबाईंना पुन्हापुन्हा सांगितले होते. त्या करवाढीच्या ठरावाच्या दिवशी संध्याकाळी तो पबमध्ये आला आणि सर ऑब्रींच्या समोर बसला. सर ऑब्री विरोधी पक्षाचे, मोठ्या जमीनजुमल्याचे. दोघांचे जेवताना भांडल्याशिवाय पोट भरत नसे.

"अरे, करवर्ष एप्रिललाच सुरू झालंय," सर ऑब्री म्हणाले. "आता पुढच्या एप्रिलपर्यंत तुम्ही काय करणार? कपाळ?"

"कायदा येईल मागून. आज ठराव मंजूर झाला की नवा दर याच वर्षाला लागू. पगारातून कर कापायचे नवे तक्ते छापायला काय चार-सहा आठवडे लागतील, तेवढेच."

"म्हणजे माझ्या खिशात हात घालायला तू जेवण संपायचीही वाट बघणार नाहीस!"

"बघतो की. एवढं सॉसेज संपवतो, मग घालतो."

दोघेही हसले. आणि त्याच क्षणी मला झटका बसला.

मतदान अपेक्षेपेक्षा लवकर पुकारले होते. मी जीव खाऊन वाजू पाहत होते, पण पुठ्ठ्यावर नुसती थरथर होत होती. एमरिसची माझ्याकडे पाठ होती. तो निवांतपणे वाटाणे खात होता. तेव्हा माणसांच्या खिशात फोन नव्हते.

सर ऑब्रींचे तोंड माझ्याकडे होते. त्यांची नजर हातोडीवर गेली. त्यांनी हळूच तोंड पुसले, छत्री घेतली.

"कुठं निघालात?"

"आलोच."

ते दारापर्यंत गेले. दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे राहिले. मग मागे फिरले.

"एमरिस, ऊठ. घंटा वाजतेय."

"काहीतरीच! मला नाही ऐकू आली."

"तोंड बांधलंय तिचं. ती हातोडी बघ."

एमरिस पांढराफटक पडला. "पण मी गेलो तर तुमचंच..."

"माहितीय मला! आता भाषण करणार आहेस की पळणार आहेस?"

दोघे धावत सुटले. एमरिसच्या गळ्यात रुमाल तसाच लटकत होता. "अगं बाई, माझंच काम हे!" म्हणत विनीबाईंनी स्टूल ओढले आणि पुठ्ठा उपसला. मग मी वाजले, मित्रांनो. इतकी खरखरीत मी कधीच वाजले नसेन.

मी थांबले, तरी विनीबाई एकच ग्लास पुसत राहिल्या.

अखेर दार उघडले. दोघे धापा टाकत, एकमेकांना धरून आत आले. एमरिसला हसू आवरेना. "दाराची फळी माझ्या कोटाला घासली हो, विनीबाई! पण पोचलो. आईला तोंड दाखवता येईल." ठराव थोडक्यात मंजूर झाला होता. तो त्याच्या एका मताने झाला का, हे मला ठाऊक नाही. मला मोजता येत नाही. पण माझ्या पितळात इतका वेळ कोंडलेले काहीतरी सैल झाले.

"आजचं बिल याच्याकडून घ्या," सर ऑब्री खुर्चीत कोसळत म्हणाले. "मी गरीब झालोय."

"पण मग परत का फिरलात हो तुम्ही?" विनीबाईंनी विचारले.

ते जरा लाजले. "जिंकायचं तर माणसांना हरवून जिंकावं. पुठ्ठ्याच्या तुकड्यामुळं नको."

मित्रांनो, कोणाकडून किती कर घ्यावा, हे मला कळत नाही. त्यावर तुम्ही मोठेपणी खुशाल भांडा. माझे मागणे लहानसे आहे. तुम्हाला हाक मारणाऱ्या वस्तूचा आवाज कर्कश असेल, कधी तिला गप्पही करावे लागेल. तेव्हा जरूर करा. फक्त नंतर आठवणीने तिचे तोंड सोडा.

विनीबाई आता थकल्यात, पण तेव्हापासून मला रोज पुसतात. आणि तो दुमडलेला पुठ्ठा? तो त्यांनी त्याच संध्याकाळी सरळ केला आणि सर ऑब्रींच्या ग्लासाखाली ठेवला.