सोनालीच्या मुठीतला जुना प्लग

मित्रांनो, मला हातात घ्या, मी काही चावत नाही. मी एक जुना स्पार्क प्लग आहे. गाडीच्या इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते, ती पाडणं हा माझा जन्मभराचा धंदा. आता ज्याच्या पोटात आग तो भित्रा कसा, असं तुम्ही विचाराल. पण मी पहिल्यापासून भित्राच. कारखान्यात माझ्या लोखंडी अंगात पांढरी चिनी मातीची नळी बसवली, तेव्हाच मला कळलं होतं की आपण कुठूनही पडलो तर तडा जाणार. तेव्हापासून जीव मुठीत धरून जगणं आलंच.

सुरतेला कतारगामात वाल्मिकभाऊंची एक जुनी पिकअप होती. पुढे जीपसारखं नाक, मागे माल ठेवायला उघडा हौदा. तिच्या पेट्रोल इंजिनात आम्ही चार प्लग ओळीने बसायचो आणि मी तिसरा होतो. प्रत्येकाच्या डोक्यावर रबराची एक जाड तार. तारेतून झटका आला की ठिणगी पाडायची, बाकी काही विचारायचं नाही. आम्ही सगळे एकदम कधीच पेटत नसू. पहिल्यानंतर माझी पाळी, मग चौथ्याची आणि शेवटी दुसऱ्याची. क्रम असा वाकडा म्हणून आमच्या तारासुद्धा एकमेकींवरून वाकड्या गेलेल्या.

वाल्मिकभाऊ मूळचे खानदेशातले, अमळनेरकडचे. आधी ते लूमवर कापड विणायचे, मग पिकअप घेऊन कापडाचे ताके बाजारात पोचवायला लागले. गाडी चढावर न अडता चढली की बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "वाघ शे माना वाघ." घरी ते अहिराणी बोलत, म्हणून मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगतो; 'शे' म्हणजे आहे आणि 'माना' म्हणजे माझा. कौतुक ऐकून मी फुगायचो, पण संध्याकाळी गाडी उभी राहिली की पुन्हा धडधड सुरू. इंजिन हळूहळू गार पडायचं. गरम म्हणजे जिवंत, गार म्हणजे खेळ खलास, एवढंच शहाणपण मला. उद्या आपण पुन्हा पेटू की नाही, या काळजीत रात्र जायची.

चौऱ्याण्णव सालच्या पावसाळ्यात गल्लीत पाणी भरलं. ओल आत शिरली. माझ्या टोकावर काजळी धरली आणि गाडी खोकायला लागली. वाल्मिकभाऊंनी नवे चार प्लग आणले, पण लावले नाहीत. त्यांच्या घरची रीत अशी की हत्याराला, यंत्राला नवी वस्तू लावायची ती दसऱ्याला, पूजा करून. म्हणून ते नवे प्लग देव्हाऱ्यात जाऊन बसले आणि आम्ही जुने खोकत राहिलो. मला तर बरंच वाटलं. दसऱ्यापर्यंत तरी आपल्याला कोणी भंगारात टाकणार नव्हतं.

गणपती उठले आणि मग तो आठवडा आला.

मित्रांनो, कतारगामात लूमचा खडखडाट दिवसरात्र चालायचा. त्या दिवशी तो थांबला. अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. शहरात प्लेग आला, असं लोक म्हणत होते. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन स्टेशनाकडे पळत होती. ओळखीचे ओळखीच्यांजवळ थांबत नव्हते. आमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिकही दुकानाचं शटर ओढून गावी गेला होता.

आणि नेमकी त्याच दुपारी सोनाली तापली. वाल्मिकभाऊंची ही एकुलती एक लेक, सहा-सात वर्षांची. ओट्यावरच्या खाटेवर ती गोधडी घेऊन पडली होती.

"पोरनं आंग तवासारखं तापी ऱ्हायनं," तिची आई उषाबाई म्हणाली.

"उन्हानं तापनी व्हई. सामान बांध, आपण गावले जाऊत," वाल्मिकभाऊ म्हणाले. रुमालावर फक्त त्यांचे डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत काय होतं ते मला ओळखू येत होतं. भित्र्याला भित्रा लगेच कळतो.

शेजारचे भटूभाऊ बायको आणि तान्ह्या बाळासह केव्हाच हौद्यात चढून बसले होते. वाल्मिकभाऊंनी सेल्फ मारला. गाडी खोकली आणि बसली. पुन्हा मारला, पुन्हा तेच. बॅटरी आधीच थकलेली. आणखी चारदा सेल्फ मारला असता तर तीही गेली असती.

मग त्यांनी देव्हाऱ्यातून नवे प्लग आणले. दसऱ्याची वाट बघायला वेळ कोणाला होता? देवापुढे हात जोडले, "माफ करजो" म्हणाले आणि गल्लीतच बॉनेट उघडलं. एक तार ओढली, दुसरी ओढली, चारही ओढल्या. प्लगपाना लावून भराभरा आम्हा चौघांना बाहेर काढलं आणि एका थाळीत टाकून थाळी खाटेवर ठेवली.

मी थाळीतून ओरडत होतो, "अहो, असं नका करू. एक काढा, एक बसवा. कोणाची तार कुठली, कसं कळणार?" पण माझं कोण ऐकतो? आम्हाला बोलायची सोय देवाने ठेवलीच नाही.

नवे प्लग नीट बसले. मग वाल्मिकभाऊंनी तारा हातात घेतल्या आणि हाताला जी सवय तेच त्यांनी केलं. कितीतरी वर्षं लूमवर काम केलेला माणूस. लूमवर सुताच्या हजारो तारा शेजारी शेजारी सरळ जातात, एक जरी दुसरीवर चढली तरी कापड बिघडतं, मालक ओरडतो. त्यांनी आमच्या वाकड्या तारा बघितल्या, नाक मुरडलं आणि चारही सरळ करून ओळीने लावून टाकल्या. इतक्या नीटनेटक्या, की बघणाऱ्याने शाबासकी द्यावी.

सेल्फ मारला. ठिणग्यांचा क्रमच चुकला, इंजिनातून धाडकन आवाज झाला आणि बॉनेटखालून धुराचा लोट आला. भटूभाऊंचं बाळ किंचाळून रडायला लागलं. दचकून सोनाली उठून बसली आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती खोकतच राहिली.

भटूभाऊ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी गाठोडं खाली टाकलं, बायकोला हात दिला, बाळाला पदराखाली घ्यायला लावलं. "वाल्मिकभाऊ, राग मानू नका. लहान लेकरू शे," एवढंच म्हणाले आणि चालायला लागले. मला त्यांचा राग नाही आला. मी असतो तरी उतरलो असतो.

वाल्मिकभाऊ गाडीच्या पायरीवर मटकन बसले. "आते काय करू?" ते म्हणाले.

तेवढ्यात सोनालीने थाळीत हात घातला आणि मला उचललं. माझी पांढरी नळी तिला आवडली असावी. माझं अंग अजून कोमट होतं, पण तिची मूठ माझ्याहून गरम होती. तापलेल्या इंजिनात बसावं तसं मला वाटलं. आणि मला, वेड्याला, बरं वाटलं. गरम आहे म्हणजे चालू आहे, असा माझा हिशेब.

उषाबाई बॉनेटपाशी गेली. ती लूमच्या कापडातल्या चुका शोधायचं काम करायची, त्यामुळे नजर बारीक. तिने एक तार काढून सैल सोडली. तार सरळ राहिली नाही, वळून आपल्या जुन्या जागेकडे गेली. दुसरीवर रबर घासल्याचा चट्टा होता, जिथे इतकी वर्षं तिच्यावरून शेजारीण गेलेली.

"ह्या तारा वाकड्याच व्हत्यात," ती म्हणाली. "ज्या तारले जसं वळण पडेल शे, तिले तसंच जाऊ द्या."

एकेक तार सैल सोडून ती जिकडे वळेल तिकडे त्यांनी लावली. चट्ट्यावर चट्टा जुळला. माझ्या जागी बसलेल्या नव्या भावाच्या डोक्यावर माझी तार आली, तेव्हा मी डोळे मिटले. म्हणजे असते तर मिटले असते. वाल्मिकभाऊंनी सेल्फ मारला. बॅटरी रडत रडत फिरली आणि इंजिन सुरू झालं.

आईच्या मांडीवर सोनाली, तिच्या मुठीत मी. तिघं पुढच्या सीटवर बसून निघाली. मोठ्या रस्त्यावर गाडी थांबली. एक रस्ता बारडोलीवरून खानदेशाकडे जाणारा, गाड्यांनी भरलेला. दुसरा सरकारी दवाखान्याकडचा, त्यावर चिटपाखरू नव्हतं.

वाल्मिकभाऊंनी स्टिअरिंग बारडोलीकडे वळवलं.

"गावले नही," उषाबाई म्हणाली. "दवाखानामा चाला."

"तठे गयेल माणूस परत येत नही. लोके सांगतस."

"लोके पळी गयात. पळणारासनं काय ऐकतस तुम्ही? वाटमा हिले काय व्हयनं तं कोणले हाक मारशात? तठे औषध तरी शे."

मागून हॉर्न वाजत होते. वाल्मिकभाऊंनी गाडी रिकाम्या रस्त्याला घातली. मित्रांनो, ते घाबरले नव्हते असं समजू नका. त्यांचे दात वाजत होते, ते मी ऐकले.

दवाखान्यात सोनालीला वेगळ्या खोलीत ठेवलं. वाल्मिकभाऊंना बाहेर थांबवलं, उषाबाईला तोंड बांधून आत बसू दिलं. सिस्टरने सोनालीची मूठ उघडायचा प्रयत्न केला, पण पोरगी सोडेना. "राहू दे," सिस्टर म्हणाली आणि मला औषधाच्या कापसाने पुसून काढलं. सुई झाली, गोळ्या झाल्या. सबंध रात्र ती मूठ भट्टीसारखी होती आणि मी त्या उबेला धरून होतो. चालू आहे, चालू आहे, असं मनात घोकत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मूठ गार पडायला लागली.

आधी बोटं, मग तळवा. तळव्याला ओल आली. पकड सैल झाली. मला हे सगळं चांगलं माहीत होतं. असंच तर होतं, गाडी बंद केली की असंच एकेक गार पडत जातं. माझा जीव उडाला. मी उषाबाईला हाक मारायला बघत होतो, पण मला आवाज कुठला? बोटं उघडली आणि मी घरंगळत फरशीवर पडलो. टणकन आवाज झाला.

उषाबाईला डुलकी लागली होती. ती धडपडत उठली. तिने लेकीच्या कपाळाला हात लावला आणि तिथेच थिजली. मग गालाला लावला, मानेला लावला. मी फरशीवरून तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि ती रडायला लागली.

"सिस्टर," ती रडत म्हणाली, "घाम फुटना. पोर गार पडनी. ताप उतरी गया."

सोनाली गाढ झोपली होती. तिचा श्वास चालला होता, न खोकता, न अडखळता, चांगल्या गाडीसारखा.

त्या तापाचं नाव काय निघालं ते मला कळलं नाही. डॉक्टर मात्र म्हणाले, लवकर आणलंत हे चांगलं केलंत.

लोक हळूहळू परत आले. भटूभाऊही आले, बाळासकट. पहिल्या दिवशी दारातच घुटमळले, तर वाल्मिकभाऊ म्हणाले, "ये रे, चहा पी." माझे तिघे भाऊ भंगारवाल्याकडे गेले. मी राहिलो, कारण सोनाली मला देईना. दसऱ्याला पिकअपला झेंडूची माळ घातली, पाने-पकडी पुसून पाटावर मांडल्या आणि त्यांच्यात सोनालीने मला ठेवलं.

तेव्हा मित्रांनो, एवढं ऐका. गाडीला जपा, तिची काजळी वेळेवर पुसा, मुहूर्तासाठी दुखणं अंगावर काढू नका. आणि कितीही भीती वाटली तरी सगळ्या तारा एकदम उपटू नका. एक काढा, एक बसवा. भीती वाटण्यात लाज नाही, मी तर अजून भितो. नळीला पडल्याचा तडाही गेलाय.

त्या दसऱ्याला सोनालीने मला हळदकुंकू लावलं. तिचं बोट माझ्या अंगाला लागलं, ते गार होतं. तरी मी ते हळदकुंकू निवांत लावून घेतलं.