माझ्यावर आलेला दुधाचा आळ

मी एक जुने तांब्याचे पातेले आहे. लिथुआनियातल्या एका लहान गावात फ्रुमाबाईंच्या घरी माझ्या उमेदीची वर्षे गेली. त्या घरातले मी मांसाचे भांडे. ज्यूंच्या घरी मांसाच्या भांड्याला दुधाचा थेंब लागला की ते बाटले. दर शुक्रवारी माझ्यात शेवया, अंडी आणि मिऱ्याचा झणझणीत कुगेल शिजे. शेजारणी म्हणत, "कुगेल खावा तर फ्रुमाचा!"

मग दूरच्या गॅलिशियातून गिटल सून होऊन आली. पहिल्याच शुक्रवारी तिने स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले. मला संशय आला. शेवयांवर तिने हंसाची चरबी, साखर, मनुका, दालचिनी घातली. मग मागे वळून पाहिले आणि एप्रनआडच्या वाडग्यातले काहीतरी पांढरेशुभ्र माझ्यात ओतले. दूध! मित्रांनो, मांसाच्या भांड्यात दूध!

दुसऱ्या दिवशी फ्रुमाबाईंनी पहिलाच घास तोंडात धरून ठेवला.

"काय गं, एवढी साखर कशाला? काय झाकायचंय?"

"आमच्याकडे गोडच करतात, आई."

"आणि ही साय कसली लागतेय?"

गिटल पाणी आणायला उठली. तिचा नवरा लेझर ताटाकडे बघत बसला.

फ्रुमाबाईंनी मला लाकडांच्या खोपटात पालथे टाकले. तीन आठवडे कोंबडी माझ्यावर बसत होती. घरात त्या दोघींचे बोलणे बंद झाले. "सुनेनं घर बाटवलं," अशी कुजबुज विहिरीवर सुरू झाली. मलाही ते खरेच वाटत होते.

शेवटी लेझरने मला उचलले आणि दोघींना घेऊन गावच्या धर्मगुरूंकडे, रब्बींकडे गेला. तिथे गिटलने कमरेची पुरचुंडी सोडली. आत बदाम होते. तिने ते भिजवून वाटले, फडक्यातून पिळले. तेच पांढरे!

रब्बींनी चाखले. "दूध कुठलं, बदाम आहेत हे. भांडं शुद्ध आहे. पण पोरी, वर चार सबंध बदाम ठेवत जा. बघणाऱ्याला शंका नको."

फ्रुमाबाईंचा चेहरा उतरला. "अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"माहेरून आणलेले थोडेसे बदाम होते. उधळी म्हणाल, अशी भीती वाटली," गिटल म्हणाली. "आणि तुम्ही विचारलंत कुठे? आल्या दिवसापासून नुसत्या डोळे वटारून बघत होतात."

घरी येऊन फ्रुमाबाईंनी मला राखेने स्वतः घासले. शुक्रवारी दार उघडे ठेवून गिटलने कुगेल लावला. सासूबाई शेजारी बसून बदाम सोलत होत्या. "साखर जास्तच घालतेस," एवढे मात्र म्हणाल्याच.

मित्रांनो, मी तर सगळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, तरी चुकलो. भांडी जपा, माणसे त्याहून जपा. कुणाला खोपटात टाकण्याआधी एकदा विचारा. मला तोंड नव्हते, तुम्हाला आहे.