वीस दिवसांचं पाणी

दवाखान्याच्या पायासाठी दोरी लावून आखणी सुरू झाली आणि मी गर्दीत मागे सरकलो.

राजधानी लुसाकाहून आलेल्या म्वांगाला नावाच्या संशोधक मॅडम उंचवट्यावर माझी नोंदवही उघडून उभ्या होत्या. "पंचवीस वर्षांत नदीचं पाणी इथवर एकदाही चढलेलं नाही. जागा सुरक्षित आहे," त्या म्हणाल्या. अख्खं गाव ऐकत होतं.

"म्हणे चढलं नाही." ही माझी सख्खी आत्या, नासिलेले. जिभेला हाड नाही. "त्या मोठ्या पुरात मी आजारी गाईपायी एकटी मागे राहिले. इथं तेव्हा एकही घर नव्हतं. गाय वाहून गेली, नि मी होडी या उंचवट्यावरच्या त्या झाडाच्या मधल्या फांदीला बांधून बसले."

लोक हसले. मॅडम मात्र समजुतीनं म्हणाल्या, "आजी, आठवण वर्षागणिक वाढत जाते. नोंद वाढत नाही."

नोंद कसली डोंबलाची. ती माझीच. नदीतल्या खांबावर रोज पाणी बघायचं आणि वहीत आकडा लिहायचा, हे माझं काम. त्या मोठ्या पुराच्या वर्षी पाणी वाढलं, रिवाजाप्रमाणे राजाची नाव निघाली, तिच्यामागं गाव ढोल वाजवत कोरड्या जमिनीकडे गेलं आणि मीही गेलो. वीस दिवस खांबाकडे फिरकलो नाही. परतल्यावर आदल्या वर्षीचे आकडे थोडे वरखाली करून भरले आणि झोकात सही ठोकली. पुढं सगळे आत्याला थापाडी म्हणत, तेव्हा मीही त्यांच्यात हसायचो. सांगायला लाज वाटते.

गवंड्यानं कुदळ उचलली. आजाऱ्यांच्या खाटांखाली शिरणारं पाणी मला दिसायला लागलं.

"मॅडम, ते वीस दिवस खोटे आहेत," मी म्हणालो. "मी इथं नव्हतोच. आकडे मनानं भरलेत."

आता कुणी हसलं नाही. मॅडमनी ती पानं काढली, पुन्हा पुन्हा पाहिली. त्यांचा चेहरा पडला, मग घट्ट झाला.

"मुबिता, या आकड्यांवर माझा शोधनिबंध छापून आलाय. सरकारचा पुराचा नकाशा झालाय. तुम्ही नव्हता, याला पुरावा काय?"

"मी सांगतोय की."

"वहीत सही तुमची आहे. आज सांगताय ती नुसती आठवण." त्यांनी वही मिटली आणि गवंड्याकडे बघून मान डोलावली.

कुदळ जमिनीत बसली. आत्यानं चटईवर थोडं सरकून जागा केली.

"ये, बस," ती म्हणाली. "आता तूही थापाड्या."