मागून बसणारी गाडी

हवेच्या पिशव्या फुटलेल्या नाहीत.

साबणाचं पाणी चोपडून झालं, एक बुडबुडा आला नाही. येसाजी मोहिते गॅरेजच्या खड्ड्यात उभा राहून डोक्यावरच्या गाडीला शिव्या घालत होता. मराठीतल्या संपल्या होत्या, आता कन्नडमधल्या चालू होत्या.

गाडी जपानी, सत्त्याऐंशी सालची, मस्कतहून बोटीनं आलेली. आता शहाण्णव चाललं होतं. तिच्या चाकांवर स्प्रिंगा नव्हत्या. स्प्रिंगांच्या जागी रबरी पिशव्या, पिशव्यांत हवा, आणि किती हवा ठेवायची ते ठरवणारा कंप्यूटर डिकीत. सहा दिवस एकच तमाशा. नळीनं बाहेरून हवा भरली की गाडी ऐटीत उठायची आणि तशीच उभी राहायची. चावी फिरवली की मागून फुस्स. मिनिटभरात बूड चाकांवर.

“म्हशीगत बसलीय,” वरून आवाज आला. गाडीचे मालक विश्वासराव घोरपडे काठी टेकत खड्ड्याच्या काठाशी आले होते.

“बसू दे अण्णा. उठवतो.”

“सहा दिवस उठवतोयस. आज पाचला तो लॉरीवाला येतोय. पिशव्या कापून जीपच्या स्प्रिंगा घालतो म्हणाला.”

“जीपच्या? आणि अक्का बसतील त्यात?”

विश्वासरावांच्या बायकोच्या, प्रतिमाक्कांच्या, मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. दर गुरुवारी के. आर. पुरमहून होसूर रोडच्या हॉस्पिटलात जावं लागे. एकदाच टॅक्सीनं गेल्या, तर परत येईतो पदर दातांनी चावून फाडला होता. ही गाडी मात्र खड्ड्यांवरून अशी जायची, की अक्का वाटेत झोपायच्या.

आज बुधवार.

“पाच वाजेपर्यंत,” विश्वासराव म्हणाले आणि रिक्षा बघायला गेले.

फ्यूज उडालेला नाही. रिले चिकटलेला नाही. वायर उंदरानं खाल्लेली नाही.

शुक्रवार. शनिवार. सोमवार.

दिव्याच्या मते काहीच बिघडलेलं नाही.

येसाजीच्या माडीवर अवधूत भाड्यानं राहायचा. पुण्याचा, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर. आज त्याची दुपारची शिफ्ट होती, म्हणून येसाजीनं त्याला सकाळीच मीटरसकट खाली ओढून आणलं होतं.

अवधूतनं बॉनेटखालच्या एका डबीत तारेचा तुकडा खुपसला. असं केलं की डॅशबोर्डावरचा दिवा लुकलुकून बिघाडाचा आकडा सांगतो.

लुक. लुक. लुक. लुक. लुक.

“काय म्हणतोय?”

“काका, एकसारखा ब्लिंक होतोय. म्हणजे नो फॉल्ट. सिस्टीम नॉर्मल.”

“नॉर्मल? बूड जमिनीला टेकलंय तिचं!”

“तिला तसं वाटत नाहीये.”

“तिला वाटायचं काय असतंय? बाहेर येऊन बघ म्हणावं की.”

अवधूत हसला. येसाजी हसला नाही. तीस वर्षांत त्यानं फुटकी, तुटकी, जळकी गाडी पाहिली होती, पण तोंडावर खोटं बोलणारी ही पहिलीच.

कंप्यूटर बिघडलेला नाही.

(अकरा वाजून दहा मिनिटांपर्यंत.)

अवधूत इडली खायला कोपऱ्यावर गेला. येसाजी एकटाच त्या डिकीतल्या कंप्यूटरच्या डबीकडे बघत बसला. पिशव्या ठीक, वायरी ठीक, दिवा ठीक. मग हवा सोडतंय कोण? हीच. हिच्याशिवाय दुसरं कोणी उरलेलंच नाही.

त्यानं बॅटरीवरून एक वायर ओढली. पंपाला सरळ करंट द्यायचा, कंप्यूटरला न विचारता, आणि बघायचं. कंप्यूटरच्या प्लगमागची जाड लाल तार शोधून तिच्या मुळाशी वायरीचं टोक टेकवलं.

आवाज झाला नाही. फक्त वास आला. जळक्या मेणाचा, गोडसर.

“प्लग आधी काढला होतात ना, काका?” अवधूत हातात चटणीची पुडी घेऊन दारात उभा होता.

येसाजीनं वायरीचं टोक मागं घेतलं.

“काका?”

“नाही.”

सेन्सर बिघडलेला नाही.

“हे सकाळी का नाही बघितलं मी?” अवधूत आता स्वतःवरच चिडला होता. “हाइट सेन्सर. गाडी किती उंच आहे ते हाच सांगतो. मी व्होल्टेज घेतलं होतं, एकदम स्टेडी होतं.”

“मग झालं की.”

“तेच तर! गाडी सहा इंच वर-खाली होतीये आणि व्होल्टेज स्टेडी? हललं पाहिजे ना ते.” तो ऑफिसच्या कपड्यांनिशी खड्ड्यात उतरला. क्षणभर टॉर्च फिरला, मग थांबला. “काका, हे काय आहे?”

“काय?”

“काळा दोरा. दोन लिंबं. वाळलेल्या मिरच्या. हे कंपनीकडून येतं का?”

येसाजी खड्ड्यात उतरला. रोज दहादा याच जागी मान वर करून त्यानं पाहिलं होतं. दोराही पाहिला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, गॅरेजातल्या प्रत्येक गाडीला तो स्वतः दोरा बांधायचा. दोरा असलेली गाडी त्याच्या डोळ्याला पुरी वाटे. नसलेली खटकली असती. विश्वासरावांना बंपरवर लिंबू लोंबलेलं नको होतं, म्हणून यंदा त्यानं तो आत बांधला. हाताला एक बारीक पट्टी लागली होती. दोरा बांधण्यासाठीच ठेवलीय, असं वाटलं होतं.

ती पट्टी म्हणजे सेन्सरचा हात. दोऱ्यानं तो खाली ओढून धरला होता, आणि त्याला चाकाच्या दांड्याशी जोडणारी प्लास्टिकची वाटी निसटून लोंबत होती. गाडी कितीही बसो, सेन्सर एकच सांगत होता, फार उंच आहे, फार उंच आहे. आणि कंप्यूटर बिचारा इमानानं हवा सोडत होता.

येसाजीनं दोरा कापला. वाटी दांड्यावरच्या गोळीवर बसवली. टक्.

अर्ध्या मिनिटाचं काम. चावी फिरवली. काहीच झालं नाही. फुस्सदेखील नाही.

त्यानं लिंबू भिंतीवर फेकून मारलं.

लॉरीवाला आलेला आहे.

पाच वाजता येसाजीनं विश्वासरावांना सगळं सांगितलं. दोरा मी बांधला. कंप्यूटर मी जाळला. दुसरा इथं मिळत नाही.

“म्हणजे चांगली गाडी तूच आजारी पाडलीस, आणि औषध म्हणून तूच मारलीस.”

“होय अण्णा.”

“तुझ्या बापानं माझ्या बापाच्या गाड्या सांभाळल्या, म्हणून तुझ्याकडं आलो.”

“होय. पण पिशव्या कापू नका. पंपाला आणि व्हॉल्व्हला मी थेट वायरी ओढल्यात. दोन बटणं. एक वर, एक खाली. कंप्यूटर करायचा ते हातानं करायचं.”

“कोण करणार? मी गाडी चालवू का बटणं दाबू?”

“मी येतो.”

“दर गुरुवारी?”

“दर गुरुवारी.”

विश्वासरावांनी लॉरीवाल्याकडे पाहिलं. तो करवत घेऊन उभाच होता. “उद्याचा दिवस,” ते म्हणाले. “तुझी अक्का एकदा जरी ओरडली, तर तुझ्याच हातानं कापायच्या.”

गुरुवार.

पुढच्या सीटवर येसाजी, मांडीवर लाकडी फळी, फळीवर दारावरच्या घंटेची दोन बटणं. मागं उशीला टेकून प्रतिमाक्का. विश्वासराव गाडी चालवत होते, आणि निघाल्यापासून एक शब्द बोलले नव्हते.

“अक्का, कसं?”

“कडक आहे रे. स्वल्प खाली घे.”

फुस्स.

“आत्ता?”

“फार झालं. वर.”

घुं.

“आत्ता सरी. बरोबर.”

सिल्क बोर्डाच्या अलीकडे रस्ता खणलेला होता. येसाजीला बटण दाबायला उशीर झाला, मागचं चाक धाडकन आपटलं. अक्कांचा श्वास आत ओढल्याचा आवाज आला. त्यानं डोळे मिटून घेतले. आरडाओरडा झाला नाही.

“चुकलं अक्का.”

“डोळे मिटून कसं चालेल,” त्या हळूच म्हणाल्या. “पुढं बघ.”

तो पुढं बघू लागला. पण समोर लॉरी होती, रस्ता दिसत नव्हता. बोट वरच्या बटणावर ठेवायचं की खालच्या, कळेना. अजून पाच किलोमीटर. आणि परत यायचं. आणि पुढच्या गुरुवारी.

“डावीकडं तो दर गुरुवारचा खड्डा येतोय,” विश्वासराव म्हणाले. “मोठा आहे. हळू घेतो. वरचं दाब.”