मोजून मिळाले

प्रेमानंदांनी फाईल काउंटरवर आपटली तेव्हा तिच्यातून चार कागद निसटले आणि पंख्याच्या वाऱ्यानं फलकच्या टेबलाखाली जाऊन पडले. मग ते काढायला त्यांनाच वाकावं लागलं. आठ दिवसांतली ही तिसरी खेप होती, आणि प्रत्येक खेपेला असं काहीतरी होऊन त्यांच्या रागाचा पार विचका होत होता.

“राहू द्या काका, मी देते,” फलक म्हणाली. तिला नव्या तालुक्याच्या या कार्यालयात लागून दोन वर्षं झाली होती. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी तिच्या टेबलावर होत्या.

“कागद राहू दे. नोंद दे.”

“नोंद न्हाय काका. निंबाळखेडचं अठ्ठ्याण्णवचं रजिस्टरच न्हाय आपल्याकडं. सत्त्याण्णवचं हाय, नव्व्याण्णवचं हाय.”

“मग अठ्ठ्याण्णवला काय गावात लेकरं जन्मायची बंद झाली व्हती?”

रांगेतली दोन माणसं हसली. त्यामुळं प्रेमानंदांना आणखी चेव चढला.

“जुन्या तालुक्याला काल जाऊन आलो. ते म्हणतात, नवा तालुका झाला तवाच तुमच्या गावाचं सगळं दप्तर तिकडं पाठवलं. तुमी म्हणता, आलं न्हाय. मधी अठ्ठावीस किलोमीटरचा रस्ता हाय. रजिस्टर काय वाटंत चहा प्यायला उतरलं?”

फलक गोळा केलेले कागद एकसारखे करत राहिली.

“पाठवलं ते यादी करून पाठवलं असणार,” प्रेमानंद म्हणाले. “ती यादी काढ. कुणी घेतलं, कुणी सही केली, बघू तरी. बत्तीस वर्षं याच खात्यात घासलीत मी. असली बेफिकिरी आमच्या वेळंला नव्हती.”

“उद्या या काका. जुन्या खोलीत बघून ठेवते.”

“उद्या गुरुवार. शुक्रवारी कागद गेला न्हाय तर माझ्या पोरीची जागा दुसऱ्या कुणाला देणार हायत ते.”

त्यांची पोरगी म्हणजे दीक्षा. नर्सिंग झालेली, वय सव्वीस. जपानमधल्या हिनोसे नावाच्या शहरातल्या वृद्धांच्या निवासात तिची निवड झाली होती. भाषेची परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली होती, मुलाखत झाली होती, आणि सगळं जमून आल्यावर तिच्या जन्मगावानं घोळ घातला. शाळेच्या दाखल्यावर निंबाळखेडचा तालुका जुना होता. पासपोर्टवर तालुका नवा आणि जिल्हा उस्मानाबाद. आधार कार्डावर जिल्हा धाराशिव. हिनोसेच्या लोकांनी पुण्याच्या एजन्सीमार्फत अतिशय नम्रपणे विचारलं होतं की उमेदवाराचा जन्म नेमका कुठं झाला आहे. एजन्सीचं म्हणणं होतं, मूळ जन्मनोंदीचा उतारा द्या, सोबत गावाचा सरकारी इतिहास एका पानावर लिहून द्या, म्हणजे विषय मिटला. उतारा नसेल तर का नाही, त्याचं कारण कार्यालयाकडून लेखी पाहिजे.

गावाचा इतिहास प्रेमानंद झोपेतसुद्धा सांगू शकत होते. अडलं होतं ते उताऱ्यावर. पोरीला शाळेत घालताना गुरुजींनी तारीख तोंडी विचारून लिहून घेतली होती, आणि स्वतः त्याच कार्यालयात असून प्रेमानंदांनी सव्वीस वर्षांत तो उतारा काढला नव्हता. घरचंच काम, कधीही होईल, असं म्हणत राहून गेलं होतं.

घरी आले तर दीक्षा कपाटासमोर उभी राहून मोठ्यानं जपानी बोलत होती. कपाटावर तिनं चार कागद जोडून हिनोसेचा नकाशा चिकटवला होता. शनिवारी तिला निवासातल्या लोकांसमोर व्हिडिओवर पाच मिनिटं बोलायचं होतं. विषय त्यांनीच दिला होता, आमच्या शहराचा भूगोल आणि कारभाराचा इतिहास. जिथं राहायचं ते गाव माहीत असलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. प्रेमानंदांना ते मनापासून पटलं होतं, पण तसं त्यांनी बोलून दाखवलं नव्हतं.

“मिळालं?” दीक्षानं विचारलं.

“उद्या बोलवलंय. त्या पोरीला एक रजिस्टर सापडंना.” त्यांनी टोपी खुंटीला लावली. “तू बोल तुझं. मराठीत बोल, मलाबी कळू दे.”

दीक्षानं पेन्सिल नकाशावर ठेवली. तिन्ही बाजूंना डोंगर, मधून नदी. डिसेंबरपासून मार्चपर्यंत बर्फ. १८८९ साली तीस-पस्तीस वाड्या मिळून सहा गावं केली. १९५५ साली सहा गावांचं एक नगर आणि दोन गावं. २००५ साली ते सगळं मिळून एक शहर.

“एवढ्या डोंगराला शहर म्हणतात?” 

“कागदावर म्हणतात.”

“आणि माणसं?”

“पंचावन्न साली बासष्ट हजार. आता एकतीस.”

प्रेमानंद नकाशाजवळ आले आणि चष्मा वर करून त्या बारीक रेघा बघू लागले. गावांच्या जुन्या शिवा दीक्षानं तुटक रेघांनी दाखवल्या होत्या.

“आपल्याकडं माणसं वाढली की तालुका तोडत्यात,” ते म्हणाले. “तुझ्याकडं माणसं सरली की गावं जोडत्यात.”

‘तुझ्याकडं’ हा शब्द तोंडातून निघाल्यावर त्यांना तो ऐकू आला. दीक्षाला आला की नाही कळलं नाही. ती निम्मी लोकसंख्या पासष्टच्या पुढं आहे, चौदा शाळा बंद झाल्यात, असं काहीबाही सांगत होती.

“लिहिणारे लिहित्यात, गावं एकत्र आली,” प्रेमानंद मधेच म्हणाले. “गावं कुठं येत्यात? गावं आपल्या जागी असत्यात. येतं ते दप्तर. ते कुणी आणलं, कुठं ठेवलं, हे कुणी लिहीत न्हाय.”

“पप्पा, मला पाचच मिनिटं हायत. त्यात दप्तर कुठं घालू?”

“मी आपलं म्हणलं.”

“तुमी आठ दिवस हेच म्हणताय. जेवताना रजिस्टर, उठता-बसता रजिस्टर. मी परीक्षेला एवढी वैतागले नव्हते.”

चार वर्षांपूर्वी त्यांची बायको गुलाब गेली, तेव्हापासून या घरात दोनच माणसं होती आणि दोघांनाही एकमेकांचं बोलणं तोडायची सवय लागली होती. भांडण असं कधी व्हायचं नाही. थोड्या वेळानं कुणीतरी चहा ठेवायचं.

गुरुवारी ते अकराच्या एसटीनं तालुक्याला पोचले. फलक जागेवरच होती. रांग नव्हती. तिनं त्यांना काउंटरच्या आत बोलावलं, खुर्ची दिली आणि चहा सांगितला. हे सगळं बघून प्रेमानंदांना वाटलं, सापडलं रजिस्टर.

“यादी मिळाली काका,” ती म्हणाली. तिनं ड्रॉवर उघडला, पण लगेच काही बाहेर काढलं नाही. “खरं सांगायचं तर मला सोमवारीच मिळाली व्हती. तुमाला दाखवावी का न्हाय, कळत नव्हतं.”

“त्यात काय कळायचंय? आण.”

पिवळा पडलेला लांबट कागद होता, कडेला टाचणीचा गंज. वर लिहिलं होतं, हस्तांतरण यादी, जून १९९९. खाली गावांची नावं आणि पुढं गठ्ठ्यांचे आकडे. निंबाळखेड, सात. प्रेमानंदांनी बोट खाली खाली नेलं. तळाशी शाईच्या पेनानं एक ओळ होती: सर्व दप्तर तपासून, मोजून मिळाले. आणि तिच्याखाली सही. ‘प्रे’ची मात्रा मागं ओढून तिची टोपी केलेली, शेवटी दोन ठिपके. ते दोन ठिपके द्यायला त्यांना त्यांच्या पहिल्या साहेबानं शिकवलं होतं.

चहा आला. त्यांनी घेतला नाही.

त्यांना तो दिवस नीट आठवला, तेच वाईट झालं. टेम्पो दुपारी चारला आला होता. पाच वाजता नव्या तालुक्याच्या उद्घाटनाचा कार्यक्रम, समोरच्या पटांगणात मांडव, लाऊडस्पीकर. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. गठ्ठे मोजायचे म्हणजे दोन तास गेले असते. त्यांनी बॉनेटवर कागद ठेवून ती ओळ लिहिली आणि मांडवाकडं पळाले. सगळेच असं करत. ‘मोजून मिळाले’ ही ओळ लिहायची असते, गठ्ठे मोजायचे नसतात, हे नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यातच कळतं. घरी दीक्षा सात महिन्यांची होती. आता रोज जुन्या तालुक्याला जायचं वाचलं, या आनंदात त्यांनी येताना पेढे नेले होते.

पुढं साहेब झाल्यावर याच एका ओळीवरून त्यांनी किती जणांना फैलावर घेतलं होतं, त्याची गणती नव्हती.

“आता काय करायचं?” त्यांनी विचारलं. आवाज बराच खाली आला होता.

फलक कागदाकडं बघत म्हणाली, “इथं मिळालं म्हणून सही हाय. म्हणजे आलंच न्हाय, असं मी लिहू शकत न्हाय. आणि कपाटात तर न्हाय. नुसतं ‘नोंद आढळत नाही’ एवढं देता येईल. पण कारणाशिवाय ते लोक घेत न्हाईत, तुमीच म्हणला.”

“आणि कारण?”

“ज्यांनी घेतलं त्यांनी लिहून द्यावं लागंल. मोजलं नव्हतं म्हणून. ते जोडून मी पत्र देते. साहेबांना सकाळी तुमचं नाव न घेता विचारून ठेवलंय.” थोडं थांबून ती म्हणाली, “तुमी न्हाय दिलं तरी कुणाला कळणार न्हाय काका. मी यादी परत ठेवून देते.”

प्रेमानंद काही लिहून न देताच उठले. सायंकाळपर्यंत कळवतो म्हणाले.

परतीच्या एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. बाहेर कापलेल्या ज्वारीची रानं, मधेच एखादा द्राक्षाचा मळा, धरणाच्या कालव्याला जेमतेम पाणी. ते स्वतःवर चिडायची वाट बघत बसले होते, पण राग येईना. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांना हलकं वाटत होतं. घरी जाऊन एवढंच म्हणायचं होतं, न्हाय सापडलं. दीक्षा कार्यालयाला शिव्या देईल, दोन दिवस जेवणार नाही, मग धाराशिवच्या एखाद्या दवाखान्यात लागेल. शनिवार-रविवार घरी येईल. त्यांच्या सहीचं कुणाला काही कळणार नाही.

हा विचार इतका सहज आला की प्रेमानंद दचकले. आठ दिवस आपण नेमकं कशासाठी भांडत होतो, हेच त्यांना कळेनासं झालं. रजिस्टर मिळावं म्हणून, की मिळू नये म्हणून? शेजारच्या बाईनं त्यांना तब्येत बरी हाय ना, असं विचारलं. त्यांनी मान हलवली. पोरगी घरात राहावी असं त्यांना वाटत होतं, फार वाटत होतं, आणि ते त्यांनी एकदाही तिला सांगितलं नव्हतं. आता सांगायची वेळ गेली होती, आणि न सांगता तिला अडकवून ठेवायची सोय मात्र हातात आयती आली होती.

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, टेबलावरची दीक्षाची पुस्तकं बाजूला केली आणि दोन कोरे कागद घेतले. दीक्षानं दारातून विचारलं, “काय झालं?”

“थांब जरा. लिहू दे.”

अर्धा तास ते लिहीत होते. मग कागद तिच्यापुढं सरकवले.

“हे जपानीत कर. मराठीतलं सही करून आत्ताच तालुक्याला नेतो. सहापर्यंत थांबते म्हणली ती पोरगी.”

दीक्षा वाचू लागली. गाव निंबाळखेड. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. १९८२ साली जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, गाव जुन्याच जिल्ह्यात राहिले. १९९९ साली तालुका बदलला. २०२३ साली जिल्ह्याचे नाव बदलले. उमेदवाराचा जन्म एकाच ठिकाणी, राहत्या घरी, नोव्हेंबर १९९८ मध्ये झाला आहे. वाचताना ती मान डोलवत होती. दुसऱ्या कागदावर तिची मान थांबली.

तिनं ती ओळ दोनदा वाचली असावी. जून १९९९ मध्ये गावाचे दप्तर ताब्यात घेताना ते न मोजता मी मोजल्याची सही केली. त्यामुळे १९९८ चे रजिस्टर कोठे राहिले हे सांगता येत नाही. यात सध्याच्या कर्मचाऱ्यांची चूक नाही. मी उमेदवाराचा वडील आहे.

“पप्पा,” ती म्हणाली. मग एकदम उसळली. “आठ दिवस तुमी त्या फलकताईला बोलत व्हता! रांगेसमोर!”

“व्हय.”

“आधी तिची माफी मागा जाऊन.”

“त्यासाठीच चाललोय.”

दीक्षानं खुर्ची ओढली आणि लॅपटॉप उघडला. मधूनमधून ती थांबायची, एखादा शब्द शोधायची, ओठांत पुटपुटायची. प्रेमानंद शेजारी उभे राहून पडद्यावर उमटणारी ती चौकोनी, आडवी-उभी अक्षरं बघत होते. त्यातलं त्यांचं गाव कुठलं, त्यांची चूक कुठली, काही ओळखू येत नव्हतं.

“एजन्सीच्या फॉर्मात खाली एक रकाना हाय,” दीक्षा पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. “माहिती खरी हाय का, हे विचारायला कुणाला फोन करावा. कुणाचा नंबर टाकू? एजन्सीचा टाकते.”

“माझा टाक.”

“तुमाला त्यांचं बोलणं कुठं कळतंय?”

“शिकीन की,” प्रेमानंद म्हणाले. त्यांनी खुंटीवरची टोपी काढली, पण डोक्यावर घातली नाही. “तू गेल्यावर दिवसभर मला बोलायला तरी कोण हाय?”

दीक्षाची बोटं कळफलकावर थांबली. मग तिनं त्यांचा नंबर टाकला, एकेक आकडा, मोठ्यानं म्हणत, जपानीत.