सासऱ्यांची चिप

किळस मला घामाची नाही आली. एकवीस किलोमीटर धावल्यावर माणसाला वास येणारच. किळस आली ती सासऱ्यांच्या गळ्यातल्या मेडलची.

पहाटे आम्ही तिघं एकत्र सुटलो होतो: मी, नवरा अवधूत आणि सासरे. तिसऱ्या किलोमीटरला सासऱ्यांचा गुडघा दुखायला लागला. थांबायला काहीच हरकत नव्हती. पण त्यांनी बुटावरची वेळ मोजणारी चिप सोडली आणि अवधूतच्या हातात दिली. "वाया कशाला घालवायची? तू बांध." मग ते मेट्रोने शर्यत संपते तिथे जाऊन बसले. अवधूतही एवढा आज्ञाधारक, की एका पायाला स्वतःची आणि दुसऱ्या पायाला बापाची चिप बांधून निमूट धावला.

निकाल लागला तर साठीपुढच्या गटात सासरे तिसरे! मला वाटलं, हसून खरं काय ते सांगतील. ते स्टेजवर चढले.

नंतर बसवनगुडीतल्या एका हॉटेलात डोसा खाताना त्याच गटात चौथे आलेले नंजुंडय्या मुद्दाम आमच्या टेबलाशी आले. सासऱ्यांचा हात धरून तोडक्या हिंदीत म्हणाले, "सर, पुढच्या महिन्यात आणखी एक शर्यत आहे. मला तुमच्या शेजारी धावायचंय. स्वल्प शिकायला मिळेल."

"बघू, गुडघा जरा..." सासरे पुटपुटले. अवधूतने चटणीत नजर बुडवली.

मी ताटली बाजूला सारली.

"येतील की," मी म्हणाले आणि तिथेच फोनवर सासऱ्यांचं नाव नोंदवलं. "चिप मी स्वतः बांधीन, त्यांच्याच बुटाला."